सगळ्यांचा एकच पत्ता

ताईंना घरी बसवलं गेलं, त्यात माझाही हात होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ताई भोपाळमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात काउंटरवर बसायच्या. तिथे लहान मुलांच्या कानांची तपासणी होते. विदिशा, रायसेन, सीहोरकडून आईबाप मुलांना घेऊन येतात. तपासणीच्या जागा थोड्या, त्यामुळे नंबर महिनाभर आधी ऑनलाइन लावावा लागतो. ती नंबर लावायची वेबसाइट आमच्या सातजणांच्या कंपनीने बनवलेली, आणि सांभाळायला मी.

ताईंचे वडील नागपूरकडून भोपाळच्या कारखान्यात नोकरीला आले होते. त्या तिथल्या इंद्रपुरी वस्तीतच वाढल्या, अजून तिथेच राहतात. पहिल्यांदा फोनवर माझं आडनाव ऐकलं आणि हिंदी सोडून सरळ मराठीत म्हणाल्या, "अगं, मग आधी नाही का बोलायचं?" तेव्हापासून मी 'तू' झाले. सिस्टीममध्ये काही अडलं की त्यांचा फोन यायचा, आणि काम झाल्यावर माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय त्या फोन ठेवायच्या नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता नवे नंबर उघडत आणि दहा वाजून दोन मिनिटांनी वेबसाइट झोपत असे. एका सर्व्हरला तेवढी गर्दी झेपत नव्हती. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही दोन सर्व्हर घेतले आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर बसवला. येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे जाते, आणि तो ती या सर्व्हरकडे नाहीतर त्या सर्व्हरकडे वाटून देतो. सगळं मी एकटीने बसवलं. पुढच्या सोमवारी साइट जराही अडखळली नाही. ताईंनी फोन करून सांगितलं, "आज कोणी माझ्यावर ओरडलं नाही बघ." मी दिवसभर खुशीत होते.

तीन आठवड्यांनी दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. सगळे त्यांना साहेब म्हणत. अकरा मुलांचे नंबर परस्पर रद्द झाले होते आणि त्या जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या. आईबाप मुलाला घेऊन दारात आले तेव्हा त्यांना हे कळलं. एक बाई तर काउंटरसमोरच रडल्या. साहेबांना वाटलं, आतलंच कोणी ओळखीच्यांना पुढे घेतंय. त्यांनी आमच्या सिस्टीममधल्या नोंदी काढून घेतल्या होत्या. नंबर कोणी रद्द केला त्याचं नाव त्यात नसायचं, फक्त वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे विनंती कुठल्या जोडणीवरून आली ते. अकराही ठिकाणी पत्ता एकच होता.

"मैडम, ये पता अंदर के नेटवर्क का है, हाँ या ना? लिखकर दीजिए."

मी मिसरोदच्या वळणावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. त्यांनी पाठवलेला फोटो बघितला. पत्ता दहाने सुरू होणारा, म्हणजे अंतर्गतच. मोबाइलवरून दोन ओळींचा मेल टाकला: होय, हा अंतर्गत नेटवर्कचा पत्ता आहे. सिग्नल सुटला, मी निघाले.

दवाखान्यात नंबरांचं काम एकाच कॉम्प्युटरवर होतं, आणि त्यावर ताईच बसत. दुसऱ्या दिवशी त्यांना चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मला हे कळलं बुधवारी सकाळी, त्यांच्याच फोनवरून. आवाज अगदी सपाट होता. आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

"एक विचारू? रागावू नको."

"ताई, विचारा ना."

"साहेबांनी मला तो कागद दाखवला. त्यात दोन नंबर संडेला रद्द झालेत. संडेला दवाखाना बंद असतो. कुलूप असतं."

"चावी कोणाकडे असते?"

"साहेबांकडे."

मग त्या म्हणाल्या, "साहेब असं करणार नाहीत, हे मला माहीत आहे. मीही केलं नाही. मग ते कॉम्प्युटर स्वतःच चालू झालं का गं?"

मी फोन ठेवला आणि नोंदी उघडल्या. फक्त त्या अकरा नाही, सगळ्या. एकेक करत वर सरकत गेले. नंबर लावणारे, नंबर बघणारे, विदिशाचे, सीहोरचे, मी स्वतः चाचणी घेतली ती, हजारो नोंदी, आणि प्रत्येकीपुढे तोच दहाने सुरू होणारा पत्ता. तो दवाखान्याचा पत्ताच नव्हता. आमच्या लोड बॅलन्सरचा होता. सर्व्हरला वाटत होतं की प्रत्येक विनंती बॅलन्सरच करतोय, कारण मूळ माणूस कुठून आला हे बॅलन्सरने पुढे सांगायचं असतं आणि ते सांगायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यासाठी विनंतीच्या वर एक ओळ जोडावी लागते, तिला हेडर म्हणतात. ती एक ओळ मी विसरले होते.

मी लिहिलेला मेल शब्दाला शब्द खरा होता. अंतर्गत पत्ता, हो. पण कोणाच्या आतला, हे मी बघितलं नव्हतं.

आधी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग आमच्या मालकांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बॅलन्सरची स्वतःची नोंद आहे का?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघितलं तर होती. तीस दिवसांची राहते, आणि सगळ्यात जुनी रद्द नोंद होती एकवीस दिवसांपूर्वीची. मी खुर्चीत बसले तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मी उभीच होते.

वेळ सेकंदापर्यंत जुळवत एकेक नोंद काढली. अकरा नंबर, अकरा वेगवेगळे पत्ते, सगळे मोबाइल कंपन्यांचे. दवाखान्याचा त्यात एकही नाही.

दुपारी कागद घेऊन दवाखान्यात गेले. साहेब जेवणाचा डबा झाकत होते. मी बसले नाही. म्हटलं, "सर, गलती मेरी है. उनकी नहीं." आणि सगळं सांगितलं, माझ्या मेलसकट. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अकराही ओळी बोटाने तपासल्या. मग मान वर केली.

"तो फिर किसने किया?"

त्यांनी समोरच्या फोनवरून यादीतल्या पहिल्या आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. विदिशाजवळच्या एका गावातली बाई होती. साहेबांनी विचारलं, नंबर लागल्यावर मोबाइलवर मेसेज येतो, त्यात काही दाबलं का? ती म्हणाली, हो, दोन निळ्या ओळी होत्या, एक दाबली तर नंबर दिसला, दुसरी दाबली तर काहीच झालं नाही.

दुसरी ओळ म्हणजे नंबर रद्द करण्याची लिंक होती. दाबली की विचारत नसे, थेट रद्द. ओळी इतक्या जवळ, अक्षरं इतकी बारीक, आणि खाली कुठे 'रद्द झालं' असंही दिसत नसे. आणखी तिघांना फोन केले. तिघांची गोष्ट तीच. कोणी चोरलं नव्हतं, कोणी कोणाला पुढे घेतलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, त्यांनाही हे नकोच होतं. अकरा मुलांसाठी शनिवारी जादा तपासणी ठेवायची असं तिथल्या तिथे ठरलं.

ताईंना फोन त्यांनी स्वतः केला. मी बाहेर जाऊन उभी राहिले. ते बोलणं ऐकायचा मला हक्क नव्हता.

काउंटरच्या रिकाम्या खुर्चीत बसून मी हेडर लावायला घेतलं. बॅलन्सरच्या सेटिंगमध्ये हेडरचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे 'येणाऱ्याचा मूळ पत्ता'. बाहेरून कोणी त्याच नावाची खोटी ओळ पाठवली तर ती पुसून आपलीच लिहायची, हेही सांगितलं. सर्व्हरला नोंदीत ती ओळ उतरवायला सांगितली. मोबाइलवरून साइट उघडून बघितली. पत्त्याच्या जागी नुसती छोटी रेघ. पुन्हा केलं. पुन्हा रेघ. अर्धा तास गेला. मग दिसलं, नावात दोन शब्दांच्या मध्ये मी अंडरस्कोर, म्हणजे तळाशी येणारी रेघ, घातला होता, आणि आमचा सर्व्हर असा अंडरस्कोर असलेलं हेडर न सांगता टाकून देतो. त्याच्या जागी मधोमध येणारी साधी आडवी रेघ घातली. तिसऱ्यांदा उघडलं, आणि नोंदीत माझ्या मोबाइलचा पत्ता उमटला. पाठोपाठ कोणाचा तरी दुसरा, मग तिसरा. सगळे वेगवेगळे. एकेक पत्ता खाली येताना मी नुसती बघत बसले.

पुढचं काम लगेच केलं: रद्द करण्याआधी मोठ्या अक्षरात प्रश्न, आणि नोंदीत रद्द करणाऱ्याचं नाव.

शुक्रवारी ताई कामावर आल्या. मी आधीच जाऊन बसले होते. माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी पर्स खुंटीला लावली, खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "तू स्वतः येऊन साहेबांना सगळं सांगितलंस. दुसरी असती तर चुपचाप दुरुस्त करून मोकळी झाली असती."

"राग नाही आला?"

"आला ना. दोन दिवस जेवले नाही. आता गेला."

त्यांची एकच अट होती. आपला दोष नव्हता असं पत्र फाइलमध्ये लागलं पाहिजे. साहेबांनी हिंदीत मजकूर सांगितला, ताईंनी स्वतः टाइप केला, आणि 'निर्दोष'वर थांबून विचारलं, "सर, ये शब्द मोटे अक्षर में कर दूँ?" साहेब हसले. ताई हसल्या. मग मलाही हसू फुटलं आणि आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी आवरेना. ताईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि म्हणाल्या, "बस आता. सांग, आईचे गुडघे कसे आहेत?"

मी सांगत असतानाच दारात एक बाप मुलीला कडेवर घेऊन उभा राहिला. ताईंनी मला हातानेच बाजूला सारलं, त्याचा नंबर बघितला आणि म्हणाल्या, "आइए, आपका नंबर पक्का है."