पाहुण्यांचा कचरा

मी तिथे ड्रायव्हर म्हणून गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. बाप म्हणून नव्हे. घरातून निघतानाच मुलीने अटी घातल्या होत्या. शाळेत तू माझा बाबा आहेस हे कुणाला सांगायचं नाही, मागे बसायचं, मध्ये बोलायचं नाही आणि विनोद तर अजिबात करायचे नाहीत. शेवटची अट तिने दोनदा सांगितली.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पनवेलमधल्या तरुण पोरापोरींचा एक गट आहे, त्यात ती जाते. ही मंडळी शनिवारी सकाळी आसपासच्या शाळांत जाऊन मुलांना शाश्वत विकास शिकवतात. हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला वाटलं, उलव्याला कुणा बिल्डरची नवी स्कीम आली असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. ती हसली नाही. मग तिने समजावून सांगितलं, की पाणी, माती, वीज हे सगळं आपल्यामागून येणाऱ्यांनाही पुरेल अशा बेताने वापरायचं, आणि ते वळण लहानपणीच लावायचं. मी म्हटलं, माझी आई हेच सांगायची, फक्त सोबत एक धपाटाही द्यायची. यावरही ती हसली नाही.

तिच्या न हसण्याला कारण होतं. गिटार चार महिने, जपानी भाषा दोन महिने, सायकलिंग हेल्मेट विकत घेईपर्यंत, असा तिचा इतिहास, आणि तो आल्यागेल्याला रंगवून सांगणारा इतिहासकार मी. आमच्या नात्यातलं एकही लग्न किंवा बारसं असं नसेल जिथे मी तिच्या गिटारचा किस्सा सांगितला नाही. हे नवं खूळ निघालं तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर सहा आठवड्यांची मुदत जाहीर केली. ती ताटात बघून जेवत राहिली. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, तिला कोशिंबीर हवी आहे.

नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गटाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. दरवर्षी कुणीतरी येतं, टोप्या वाटतं, फोटो काढतं आणि जातं. पुढच्या शनिवारी पोरं फाटकाकडे डोळे लावून बसतात आणि उत्तरं मला द्यावी लागतात. तेव्हा तुम्हाला दोन शनिवार देते. ते बघते. मग परीक्षेपर्यंतचे शनिवार द्यायचे की नाही ते ठरवते.

ती शाळा गटाने माझ्या मुलीवर आणि तिच्या मैत्रिणीवर सोपवली होती. मुलीने फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि त्यावर परीक्षेपर्यंतचे सगळे शनिवार लिहून काढले. पहिल्या दोनांभोवती पेनने गोल केला, बाकीचे पेन्सिलीने लिहिले. दूध काढायला फ्रिजपाशी गेलो की ते पेन्सिलीतले शनिवार माझ्याकडे बघायचे, आणि सहा आठवड्यांची मुदत आपण जरा मोठ्यानेच जाहीर केली, असं वाटायचं.

पहिला शनिवार छान गेला. दोघी मैत्रिणीच्या स्कूटरवरून गेल्या आणि मुलांना घरचा अभ्यास देऊन आल्या. आठवडाभर घरातला सुका कचरा एका पिशवीत साठवायचा आणि पुढच्या शनिवारी शाळेत आणायचा. तिथे तो वजन करून फळ्यावर मांडायचा, म्हणजे आपलं घर किती फेकतं ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. परत येताना तो कचरा पनवेलला आणायचा होता, म्हणून दुसऱ्या शनिवारी गाडी हवी होती. गाडीबरोबर मी मिळतो.

मैत्रीण आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यातली. वडील आखातात नोकरीला, मामूंचं बाजारात किराण्याचं दुकान. तिथलाच हुकाचा वजनकाटा ती घेऊन आली होती. ती मला अंकल म्हणते आणि माझ्या विनोदांना हसते. आमच्या घरात एवढ्यावर माणसाला जावयासारखा मान मिळतो.

शाळेत पोचलो आणि व्हरांडा बघून मुलीचा चेहरा फुलला. भिंतीला टेकवून पिशव्या नव्हे, पोतीच्या पोती उभी होती. सिमेंटची, खताची, तोंडाला सुतळी बांधलेली. पोरं आपापल्या पोत्याशेजारी पहिलवानासारखी उभी होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. तो बाक चौथीच्या मापाचा असल्यामुळे माझे गुडघे हनुवटीला आले. शेजारी खुर्ची टाकून मोठ्या बाई वही घेऊन बसल्या.

काटा दाराच्या कडीला अडकवला. मैत्रीण वजन वाचायची, मुलगी फळ्यावर लिहायची. दोन किलो. साडेतीन. चार. पाच किलोच्या पोत्याला तर टाळ्या पडल्या. सहा-सात पोती झाल्यावर मुलगी वळली आणि तिने आकड्यांखाली रेघ मारली. मुलांनो, बघा, आपल्या गावातल्या एकेका घरातून आठवड्याला एवढा कचरा निघतो, मग वर्षाचा किती होईल, आणि तो आपल्याच ओढ्यात जातो, अशा अर्थाचं ती फार तळमळीने बोलली. पोरं आनंदाने माना डोलवत होती. बाईंचं पेन मात्र वहीवर थांबलं होतं.

त्या बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, या मुलांच्या घरी आठवड्याला चार पुडे येतात. हा कचरा यांच्या घरचा वाटतो का तुम्हाला?"

मुलीच्या हातातला खडू तसाच राहिला. तिने पोत्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि आता मला पोत्यांच्या तोंडातून डोकावणारे कागदी ग्लास दिसले, थर्माकोलच्या ताटल्या दिसल्या, आणि काही बाटल्या, ज्या ओळखायला मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

हळूहळू उलगडा झाला. मागच्या वर्षी शाळांची प्लास्टिक गोळा करायची कुठलीशी स्पर्धा झाली होती, त्यात जास्त आणणाऱ्याला कंपासपेटी मिळाली होती. एवढं वजन करणार म्हणजे यंदाही स्पर्धाच, असं पोरांनी गृहीत धरलं. घरी साठवायला बसले तर हाताला काही लागेना. शिळं कोंबड्या खातात, बाटलीत रॉकेल नाहीतर तेल राहतं, डब्यात तुळस लागते. मग सगळी फौज गावाबाहेरच्या फार्महाऊसांच्या मागे ओढ्यावर गेली. तिथे मुबलक होतं.

मुलीने खडू खाली ठेवला. जे घर फेकतच नाही त्याला तिने सर्वांसमोर फेकणारं ठरवलं होतं, आणि तेही बाईंच्या डोळ्यांदेखत. मला फ्रिजवरची पेन्सिल आठवली.

एवढ्यात पाचवीतली एक मुलगी आपला नंबर आला म्हणून पुढे आली. तिच्याकडे पोतं नव्हतं. खांद्यावर एक भलीमोठी गुंडाळी होती, ती तिने जमिनीवर टाकली आणि पायाने ढकलून उलगडली.

त्या गुंडाळीतून मी बाहेर आलो.

हे जरा सांगायला हवं. दोन-तीन महिन्यांपूर्वी मला पन्नास वर्षं पूर्ण झाली. मित्रांनी नेऱ्याकडचं एक फार्महाऊस रविवारपुरतं घेतलं आणि पुढाऱ्यांचे लागतात तसा माझा फ्लेक्स छापला. गॉगल घातलेला मी, हात जोडलेला मी, मागे उगवता सूर्य, 'तरुण, तडफदार, पन्नाशीचे नेतृत्व', आणि खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांचे चौदा चेहरे. निघताना आम्ही सगळा कचरा दोन काळ्या पिशव्यांत भरून, गाठी मारून, फ्लेक्स व्यवस्थित घडी करून फाटकाशी ठेवला होता. किती शहाणे आपण, असं मी तेव्हा बायकोला म्हटल्याचंही आठवतं. घंटागाडी फक्त आमच्या सोसायटीच्या दारात येते, तिथे येत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

फ्लेक्सचा नावाचा भाग कुणीतरी कापून नेला होता. चेहरा मात्र शाबूत होता, चार फूट उंच. पोरं त्याच्याकडे बघत होती. मग त्या मुलीने मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"ताई, ह्यो काका तोच हाय."

सगळा वर्ग वळला. मी खिशातून रुमाल काढून नाक पुसायला घेतलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी खोटं बोलायच्या तयारीत होतो. अशा चेहऱ्याची माणसं पुष्कळ असतात, हे वाक्यही जुळवून झालं होतं. शिवाय अट होतीच की, बाप असल्याचं सांगायचं नाही. ही अट अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. मैत्रीण छताकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

माझ्या मुलीने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती पार कानापर्यंत लाल झाली.

"हा माझा बाबा आहे," ती म्हणाली. "हा फ्लेक्स त्याचा आहे. त्या पार्टीला मीपण होते. मेणबत्त्या मीच लावल्या होत्या."

वर्गात कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे पोरं बाईंच्या तोंडाकडे बघून ठरवतात, आणि बाईंचं तोंड काहीच सांगत नव्हतं.

मुलीने डस्टर घेऊन फळा पुसला. मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, 'आपल्या घरचा', दुसऱ्या बाजूला, 'पाहुण्यांचा'. मग मुलांना म्हणाली, माझी चूक झाली, मी न विचारता हिशोब केला, आता तुम्ही सांगा कुठला कचरा कुठे जातो. आणि मला म्हणाली, "बाबा, पुढे ये. पाहुण्यांचं तू उचल."

पुढचा तासभर मी ओणवा होतो. पोरांना कशातलं काय कुणाचं, हे पाठ होतं. ही ताटली निळ्या फाटकाच्या बंगल्यातली, ह्या बाटल्या तलाववाल्यांच्या, हे फुगे तुमचेच काका, बघा पन्नास लिवलंय. एकाने आदबीने विचारलं की खालच्या गोलांतले चौदा जण कधी येणार. घरचा कचरा सगळ्या वर्गाचा मिळून एका पिशवीत बसला. बिस्किटांचे, शाम्पूचे, गुटख्याचे पुडे. काट्याचा काटा जेमतेम हलला.

"अंकल," मैत्रीण वजन वाचत म्हणाली, "सगळ्या वर्गापेक्षा तुम्ही एकटेच जड आहात, माशाअल्ला."

फळ्यावर डावीकडे एक आकडा आणि उजवीकडे खालपर्यंत आकडेच आकडे. मुलीने आता भाषण केलं नाही. यावर काय करता येईल, एवढंच विचारलं. पोरांनी पुष्कळ सांगितलं. फाटकांवर पाटी लावू, पिशव्या परत गाडीत टाकायला सांगू, नायतर कुत्रा सोडू. कुत्र्याला बहुमत मिळालं, पण पाटीवर तडजोड झाली. पाटीचा मजकूर पुढच्या वेळी लिहायचा ठरला आणि 'पुढच्या वेळी' म्हणताना मुलीचा आवाज किंचित अडखळला, कारण पुढची वेळ आहे की नाही हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बाई उठल्या. फळ्याजवळ जाऊन त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या, वहीत उतरवून घेतल्या. मग म्हणाल्या, "फोटो नाही काढलात?"

मुलगी म्हणाली, विसरलेच.

"पुढच्या शनिवारी साडेसातला या," बाई म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत या. आणि ड्रायव्हर हाच ठेवा."

पाहुण्यांची पोती पोरांनीच गाडीत भरली. डिकी भरली, मागची सीट भरली, मैत्रीण दोन पोत्यांच्या मध्ये बसली. फ्लेक्स उचलायला गेलो तर ती पाचवीतली मुलगी त्यावर पाय देऊन उभी. तो द्यायचा नव्हता. घरी शेळ्यांच्या आडोशाला थंडीचा वारा लागू नये म्हणून तो बांधलेला होता, जास्त वजन भरावं म्हणून तिने सकाळी सोडून आणला होता.

"आईला सांगितला नाय," ती हळूच म्हणाली. "आमाला परत लागंल."

मी गुंडाळी करून तिच्या खांद्यावर दिली. कचरा कुठल्या रकान्यात लिहायचा हा प्रश्न इथे थोडा अवघड होता. माझ्या मुलीने त्याचं वजन उजवीकडून पुसलं आणि कुठेच लिहिलं नाही.

परतताना विचुंब्यापर्यंत आम्ही गाडीच्या चारही काचा खाली ठेवल्या. वासच तसा होता. मग मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे लग्नाकार्यात सांगशील ना आता?" मी म्हटलं, सांगेन, पण गिटारच्या ऐवजी. ती हसली. घरी गेल्यावर तिने फ्रिजवरचे पेन्सिलीतले शनिवार एकेक करून पेनने गिरवले. मी खाली सोसायटीच्या वॉचमनला समजावत होतो, की ही अकरा पोती आमचीच आहेत, फक्त जरा उशिरा घरी आली आहेत.

आता दर शनिवारी मी गाडी काढतो. सहा आठवड्यांची मुदत कधी उलटली ते कुणी बोललं नाही, मीही आठवण करून दिली नाही. शाळेच्या अलीकडच्या वळणावर शेळ्यांचा तो आडोसा लागतो आणि त्यावर मी असतो, गॉगल लावून, हात जोडून, रस्त्याकडे तोंड करून. आधी तोंड आत केलं होतं म्हणे, पण शेळ्या आत जायला तयार होईनात, म्हणून त्या मुलीच्या आईने उलटा बांधला. मुलगी काच खाली करून त्याला हात करते. मी गाडी जरा हळू करतो.