ओळंबा आमच्या घरी राहिला

मिस्त्री, सुतार, रंगारी, सगळे बघून झालेत माझे. आगाऊ पैसे घेताना त्यांचा आवाज किती गोड होतो आणि नंतर फोन कसा नुसता वाजत राहतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी गेल्या गणपतीच्या आधी मी एका मिस्त्रीच्या हातावर ॲडव्हान्स ठेवला. घाई होती. आईला घरी आणायचं होतं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती चांदवडला माझ्या भावाकडे राहिली. भाऊ-वहिनी सोन्यासारखी माणसं. पण घर भाड्याचं, संडासात धरायला दांडा लावायचा तर मालक भिंतीला भोक पाडू देईना. आई पडेल या भीतीनं वहिनी दार उघडं ठेवून बाहेर उभी राहायची. माझ्यासमोरसुद्धा कधी साडी न बदललेली माझी आई! एका संध्याकाळी फोनवर हळूच म्हणाली, ‘‘मला घरी ने गं. फार लाज वाटते.’’

आमच्या घरी कमोड वरच्या मजल्यावर, आणि आईला जिना बंद. म्हणून खालच्या संडासात कमोड बसवायचा, उंबरा काढायचा, दांडा लावायचा. एवढंच काम. मिस्त्री हरसूलकडचा, हात चांगला म्हणून ओळखीतून आलेला. पहिल्या दिवशी त्यानं जुनं भांडं उखडलं, फरशी फोडली, राडारोडा दारात रचला. संध्याकाळी हात धुऊन म्हणाला, ‘‘काकू, हत्यारं हितंच ऱ्हाऊ द्या. म्हंजे तुम्हालाबी भरोसा.’’

आणि गेला तो गेलाच.

ही त्यांची जुनी रीत आहे. आधी फोडून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक अडकलं. दुसरा मिस्त्री अर्धवट कामाला हात लावत नाही. मी दोघांना बोलावलं, दोघेही खड्ड्यात डोकावून म्हणाले, ज्यानं फोडलं त्यालाच बोलवा. त्याला फोन केला की तो ‘निघालोच काकू, द्वारकेला ट्रॅफिकमध्ये हाय’ म्हणायचा. हा माणूस द्वारका चौकातच राहायला गेला होता की काय कोण जाणे! गणपती आले, गेले. शेजारीण म्हणाली, ‘‘पैसे बुडाले समजा.’’

मी त्याची पिशवी उघडून बघितली. थापी, हातोडी, छिन्नी अशी रोजची हत्यारं. तळाशी कापडात गुंडाळलेला पितळी ओळंबा, दोरीला टांगून भिंत सरळ आहे का ते बघायचा. घासून घासून गुळगुळीत झालेला, दोरी तेवढी नवी. असा ओळंबा आता दुकानात मिळत नाही, बापाकडून येतो. थापी काय, तो कुणाचीही मागून घेईल. हा मागता येत नाही. मी पिशवी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि फोन करणं बंद केलं. शेजारणीला म्हटलं, ‘‘येईल. खंडेनवमीला हत्यारं पुजायला येईल. बघाच तुम्ही.’’

आईलाही सांगितलं, दसरा झाला की घरी. ‘‘नक्की ना गं?’’ ती म्हणाली. मी ठासून हो म्हटलं.

नवमीला सकाळी फटफटी वाजली. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. ‘‘काकू, हत्यारं द्या. घरी पूजा मांडलीय.’’

‘‘या ना. इथंही मांडलीय.’’

त्या फोडलेल्या संडासाच्या दारातच मी पाट ठेवला होता. हत्यारं पुसून ओळीनं लावलेली, हळदकुंकू, झेंडू, मधोमध ओळंबा. तो पाटासमोर उकिडवा बसला. ‘‘आमच्या बाचा हाय तो,’’ एवढंच म्हणाला.

‘‘कळलं मला. म्हणून जपून ठेवला. करा पूजा.’’

त्यानं मुकाट्यानं उदबत्ती ओवाळली, डोकं टेकवलं. मग ओळंब्याकडे हात गेला तसा माझा इतक्या दिवसांचा राग उसळून आला. म्हटलं, ‘‘थांबा! माझी आई तिकडे दार उघडं टाकून बसते. सुनेसमोर. रोज. तुमच्या आईवर ही पाळी आली असती तर द्वारकेला अडकला असतात का हो?’’

त्यानं हात मागे घेतला. ‘‘चुकलं काकू. तिकडं बंगल्याचं मोठं काम मिळालं, म्हनून...’’

‘‘मोठं काम गेलं खड्ड्यात. आज हत्यारांना विश्रांती, ठीक. उद्या दसरा, मुहूर्त बघायला नको. उद्या हा ओळंबा माझ्या भिंतीला लागेल, काम संपलं की खुशाल घेऊन जा. आणि दाराची कडी खाली बसवा, आईचा हात पोचेल अशी.’’

‘‘कडी सुताराचं काम हाय काकू.’’

‘‘मग सुतार व्हा!’’

दसऱ्याला तो टेम्पोत कमोड, फरशा घालून हजर. वर आपट्याची पानं पुढे करून पाया पडला. लबाड! पण काम काय केलं! फरशीवर पाण्याचा थेंब थांबत नाही, दांडा जागचा हलत नाही. काम संपवून जाताना ओळंबा कापडात गुंडाळून त्यानं छातीशी खिशात ठेवला. मी राहिलेले पैसे दिले आणि चहाही पाजला.

भावानं आईला गाडीतून आणलं. ती वॉकर टेकत आली, देवापुढे क्षणभर थांबली आणि सरळ संडासाकडे वळली. मी मागोमाग. तिनं दांडा धरून बघितला, फरशीवर पाय दाबून बघितला. मग माझ्या तोंडावर दार लोटलं आणि आतून कडी लावली.

मी तिथंच उभी. डोळे भरून आले होते.

‘‘गेलीस का?’’ आतून आवाज आला. ‘‘जा ना गं, दाराशी काय उभी राहिलीयस!’’