दोन पॉइंट चार बंद केला तेव्हा

देवबागच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. नवरा स्कूबाच्या बोटीवर असतो, खोल्या मी बघते. नाताळच्या आधी एका जोडप्याने जाताना वहीत लिहिलं, ‘जेवण उत्तम, वायफाय भिकार.’ मला ते फार लागलं. कुडाळहून माणूस बोलावला आणि पडवीच्या छताला नवा ॲक्सेस पॉइंट लावून घेतला.

शिडीवरून उतरून तो मोबाइलवर मला दाखवू लागला. “यात दोन बँड आहेत, ताई. दोन पॉइंट चार लांब जातो, भिंतीतूनही जातो, पण संथ. पाच वेगवान, पण चिऱ्याची भिंत आली की दमतो. दोन्ही चालू ठेवले तर काही फोन संथ बँडलाच चिकटून बसतात. तक्रारी त्याच्याच येतात.”

“मग संथ बंदच कर.”

“करतो. पण जुन्या फोनना पाचचा बँड दिसतच नाही. आत्ता असा एक जोडलेला आहे. तुमचाच का?”

तो फोन शेजारच्या मावशीचा होता. तिच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून पासवर्ड मीच दिला होता. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. बंदर लागलं की दुपारी फोन करायचा, आणि मावशी आमच्या गडग्याला, कुंपणाच्या दगडी भिंतीला, टेकून त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायची. पाहुणे झोपाळ्यावरून तिच्याकडे बघत राहायचे. मला त्याची लाज वाटायला लागली होती, हे आज लिहिताना कबूल करते.

“नाही, माझा नाही. करून टाक बंद,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मावशी गडग्याशी येऊन फोन उंच धरून उभी राहू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती दिसायची. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली.

“नेट नाय काय गो?”

“कंपनीकडूनच काय तरी झाला असतला, मावशी.”

“मगे तुझे पाहुणे बघतत ता?”

“त्येंचे फोन वेगळे.” एवढं तरी खरं होतं.

तिने मान हलवली आणि गेली. चार-पाच दिवसांनी रस्त्यात भेटली तेव्हा मुलाचा विषय काढून म्हणाली, “झील माझ्यार रागावलो आसात. गेल्या खेपेक लग्नावरून बोललंय मी त्येका.” तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. नाताळ तोंडावर होता, दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, आणि नेटबद्दल कुणी कुरकुर करत नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी ती एसटीने कुडाळला गेली आणि बाजारातल्या एका दुकानात फोन दाखवून आली. संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसली. फोन मांडीवर, आवाज अगदी बारीक.

“फोन बिघडलो नाय म्हणता तो. सगळा पुसून नवो केल्यान.” मग पदराने फोनची काच पुसत, “ह्येंचो आवाज होतो गो त्येच्यात. तो पण गेलो.”

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. समुद्रावरून परतल्यावर बंदरावरून तो तिला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचा: बांगडो गावलो, खोबऱ्याचा वाटप करून ठेव, आज उशीर होतलो, जेवान घे. त्यातलं एकही तिने पुसलं नव्हतं. दर एकादशीचा उपास सोडताना ती एक ऐकायची, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरीकडे कुठे साठवून ठेवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी आत गेले आणि दोन पॉइंट चार चालू केला. दोन मिनिटांचं काम. बाहेर येऊन तिच्या फोनवर पुन्हा व्हॉट्सॲप घातलं, आणि मुलाला कळवलं की आईचा फोन सुरू झालाय. तासाभरात त्याचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, आईला काही झालं की काय म्हणून घाबरला होता. मावशी रडत रडत हसली. जाताना मला म्हणाली, “देव तुझा बरा करो.”

त्या वाक्यानंतर मला गप्प राहता येईना. सकाळी तिच्या अंगणात जाऊन सगळं सांगितलं. ती भाताचा कोंडा पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“माका सांगूचा मगे,” ती म्हणाली. “मी गडग्यार इलंय नसतंय.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी तिच्या नवऱ्याच्या जुन्या बोटीवरच्या माणसांकडे गेले, एकेकाला आपापल्या फोनमध्ये त्याचा आवाज शोधायला लावला. बहुतेकांनी फोन बदललेले. बोट हाकणाऱ्या एका तांडेलाकडे बोटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याचं एकच बोलणं सापडलं: अकरा सेकंदांचं, जाळं नीट न आवरल्याबद्दल कुणाला तरी झापताना. वाऱ्याचा आवाज जास्त, त्याचा कमी. ते घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने तीनदा ऐकलं.

“रागात आसा,” ती म्हणाली. “पण तोच आसा.”

ते मी तिच्या फोनवर साठवलं, मुलाच्या फोनवरही पाठवलं. तिने चहा घे म्हटलं. मी घेतला, पण तिच्याकडे बघता आलं नाही.

मार्चमध्ये मुलगा सुटीवर आला आणि त्याने तिच्या घरात स्वतःचं कनेक्शन लावून दिलं. आता तिला गडग्याशी यावं लागत नाही. समोरून गेली तर विचारते, पाहुणे इले काय, आणि मी हो म्हणते.