एका हाताला पेलणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायला निघण्याआधी आम्ही घरी साबुदाणा उचलून पाहिला. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दहा महिने झाले होते. चालणं सुधारलं होतं, बोलणं पहिल्यासारखं झालं होतं, उजवा हात मात्र अर्धाच परत आला होता. बोटं हलायची, एखाद्या वस्तूवर नेमकी टेकायची, पण दाबायचं म्हटलं की त्यांत जोर नसायचा. दारावरची बेल वाजवायलासुद्धा त्याला डावा हात लागायचा.

मी स्वयंपाकघरातल्या पिशव्या वजन करून टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, "एकेक डाव्या हातात घे, छातीसमोर धर. मी घड्याळ बघते."

"ही काय परीक्षा गो?"

"प्रॅक्टिकल. हात थरथरला की सांग. खोटं नको सांगूस, मला दिसतंय."

मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मोजल्याशिवाय काही आणायचं नाही ही सवय तिथली. पाऊण किलोचा साबुदाणा दोन मिनिटांत खाली आला. अर्धा किलो रवा त्याने सहा मिनिटं धरला. म्हणजे लेन्स, बॅटरी, पट्टा सगळं धरून अर्धा किलो ही आमची मर्यादा ठरली.

कॅमेरा हवा होता तो ग्रिलांसाठी. नवऱ्याचा मुलुंडला फॅब्रिकेशनचा गाळा होता. तीस वर्षं त्याने खिडक्यांची ग्रिलं केली, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि पलीकडे अंधेरी-बोरिवलीतही. आजारपणानंतर गाळा धाकट्या दिराने घेतला. मग एक दिवस घाटकोपरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, ग्रिलं भंगारात निघाली, तुम्हीच केली होती ना, म्हणून आठवण झाली. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, नवऱ्याने एक यादी केली. तेवीस बिल्डिंगी. पडायच्या आधी या सगळ्यांचे फोटो काढायचे.

"मी काढते," मी म्हटलं. "तू फक्त कुठली खिडकी ते सांग."

"तुला जोड कळत नाय."

हे खरं होतं. मला ग्रिल म्हणजे ग्रिल. त्याला त्यात पट्टी कुठे वाकवली, सळई कुठे जोडली, कुठल्या वर्षी उगवत्या सूर्याची फॅशन होती आणि कधी लोक साध्या चौकोनांवर आले, हे सगळं दिसतं. शिवाय त्याला ते स्वतःच करायचं होतं. दहा महिने त्याची सगळी कामं दुसरं कोणीतरी करत होतं.

फोनवर काढून पाहिले. फोन एका हातातून दोनदा पडला. तिसऱ्या मजल्यावरचं ग्रिल जवळ आणलं की ओल्या कागदावरच्या शाईसारखं फिसकटायचं. तेव्हा कॅमेरा.

दुकान घाटकोपरला होतं. मी पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा विक्रेता जरा मागे सरकला. तिशीतला, चटपटीत माणूस.

"मॅडम, वजन बॉक्सवर लिहिलेलं असतं ना."

"त्यात लेन्स धरलेली नसते. कधी बॅटरीपण नसते. तुम्ही कॅमेरा काट्यावर ठेवा."

त्याने निमूटपणे ठेवला. सहाशे नव्वद ग्रॅम. मी म्हटलं, पुढचा.

"पण हा बघा अंकल," तो नवऱ्याकडे वळला, "ह्याची क्वालिटी झकास आहे. सगळे व्लॉगर लोक हाच नेतात."

"ते व्लॉगर नाहीत," मी म्हटलं, "वेल्डर आहेत."

नवरा हसला. पण त्याने तो कॅमेरा हातात घेऊन पाहिला आणि अडचण तिथेच कळली, जी मला घरी साबुदाणा मोजताना सुचली नव्हती. कॅमेऱ्याची मूठ उजवीकडे. बटण उजवीकडे. चाकं, खटके, सगळं उजव्या हाताला.

"डावखुऱ्यांसाठी कुठला असतो?" मी विचारलं.

"असा येतच नाही मॅडम. कुठल्याच कंपनीचा नाही."

"एवढे डावखुरे लोक काय करतात?"

"उजव्या हाताने काढतात," तो म्हणाला, आणि मग त्याचं लक्ष नवऱ्याच्या उजव्या हाताकडे गेलं. त्यानंतर त्याने व्लॉगरांचं नाव काढलं नाही. खुर्ची मागवली आणि कपाटातून एकेक डबा उतरवायला लागला. मला तो माणूस तेव्हापासून बरा वाटला.

तासाभरात मला मिररलेस म्हणजे काय ते समजलं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असतो, चित्र त्याच्यावरून डोळ्यापर्यंत येतं. यात तो आरसाच काढून टाकलाय, म्हणून हा हलका. विक्रेत्याने लेन्स काढून आतलं दाखवलं. नवऱ्याने वाकून नीट बघितलं आणि म्हणाला, "पार्ट कमी, बिघाड कमी." आयुष्यभर दुकानांची शटरं आणि बिजागऱ्या दुरुस्त केलेल्या माणसाचं मत म्हणून मी ते धरलं.

डोळा लावून बघायची खिडकी असलेला एक कॅमेरा महाग होता. विक्रेता त्याची शिफारस करत होता. पण डोळ्याला लावायचा म्हणजे हात वर न्यायचा, शिवाय नवऱ्याला चष्मा. तो बाद. मागचा पडदा बाहेर वळवता येणारा, चारशे साठ ग्रॅमचा एक छोटा कॅमेरा उरला. सोबतच्या लेन्सच्या डाव्या अंगाला एक बारीक खटका होता. लेन्सखाली डावा तळहात धरला की अंगठा बरोबर त्या खटक्यावर यायचा आणि झूम पुढे-मागे व्हायचा. पट्टा गळ्यात ताणून धरला की कॅमेरा छातीशी स्थिर राहायचा. राहिलं फक्त बटण. ते दाबायला जोर हवा.

"दाबू नका अंकल," विक्रेता म्हणाला. त्याने पडद्यावरचं एक चिन्ह बदललं. "आता पडद्यावर जिथे हवं तिथे नुसतं बोट टेकवा."

नवऱ्याने उजवा हात उचलला. तर्जनी पडद्यावर टेकली. कट असा आवाज झाला. दुकानाच्या दाराचा फोटो आला, तिरका, पण आला. त्याने आणखी एक काढला. मग आणखी एक. मी वजनकाटा पिशवीत टाकला आणि म्हटलं, बांधा.

पहिले दोन रविवार मुलुंडच्याच बिल्डिंगी केल्या. तो रस्त्याच्या कडेला उभा राहायचा, मी त्याच्या मागे, तोल गेला तर धरायला. लोक विचारायचे, सर्व्हे आहे का? नवरा सांगायचा, नाही, माझा माल बघायला आलोय. एका बाईने वरून कपडे काढून घेतले आणि ग्रिल मोकळं करून दिलं. पाच बिल्डिंगी झाल्या.

चूक मी केली, तिसऱ्या आठवड्यात. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, फ्रिजच्या हँडलला कव्हर आहे. कॅमेऱ्याचा पडदा उघडा बघून मला चैन पडेना. एका सकाळी तो पर्समध्ये टाकून नेला आणि कॉलेजातून येताना स्टेशनबाहेर मोबाईलच्या काचा लावणारा बसतो, त्याच्याकडे गेले. त्याने मापाने कापून काच बसवली आणि विचारलं, "आंटी, डबल प्रोटेक्शन मारू?" मी म्हटलं, मार. पडदा काळा असताना ती काच दिसतसुद्धा नव्हती. घरी येऊन कॅमेरा डब्यात ठेवला. हे सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

त्या रविवारी अंधेरीला गेलो. त्याने कॅमेरा काढला, दोन-चार वेळा बोट लावलं आणि म्हणाला, ऊन फार आहे, जाऊ या. पुढच्या रविवारी पाय दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी वर्तमानपत्र वाचायचं होतं. मी मनात म्हटलं, संपली हौस. पुरुषांच्या हौशींचं असंच असतं, घरात सायकल पडून आहे त्याची. मी त्याच्या मागे लागले नाही.

एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. दुपारी दार उघडून आत आले तर तो खिडकीशी बसला होता. कॅमेरा मांडीवर. उजवं बोट पँटवर घासायचा, पडद्यावर टेकवायचा, परत घासायचा. मी चपला काढल्या तरी त्याला कळलं नाही.

"काय करतोयस?"

त्याने कॅमेरा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बोटाक काय झाला ता कळना नाय."

तो माझ्याशी पुरतं मालवणीत बोलतो ते फार क्वचित. त्याची आई गेली तेव्हा बोलला होता.

"कधीपासून?"

"अंधेरीक गेलो तेव्हापासून. आधी टेकला की पुरे व्हायचा. आता होत नाय. झटको परत येतलो वाटता."

डॉक्टरांनी शिकवलं होतं ते मी लगेच करून घेतलं. दोन्ही हात वर कर. केले. हस. हसला, वाकडं नाही. माझं बोट पकड. पकड होती तेवढीच होती, कमी नाही. मी म्हटलं, हात आहे तसाच आहे. त्याला पटलं नाही. तेव्हा मी कॅमेरा उचलला आणि स्वतःचं बोट पडद्यावर टेकवलं.

काही झालं नाही. परत टेकवलं. नाही. अंगठ्याने जोरात दाबलं तेव्हा कट झालं.

मी नख घालून काचेची कड उचलली. पहिली निघाली, खालची चिकटून बसली होती, तिला सुरीचं टोक लागलं. तो बघत होता. दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या आणि कॅमेरा त्याच्या पुढ्यात धरला. "लाव बोट."

लागलं. स्वयंपाकघराच्या दाराचा फोटो आला.

"ती काच कोणी लावली?"

"मी."

"विचारायचंस तरी."

"तू सांगायचंस तरी. तीन आठवडे गप्प बसलास?"

"तू हॉस्पिटलात घातलं असतंस."

"घातलंच असतं."

"म्हणूनच."

मी चहा टाकायला गेले. चहा होईपर्यंत मागे कट, कट चालू होतं. तीन आठवडे हा माणूस दुसऱ्या झटक्याची वाट बघत वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि मी हौस संपली म्हणत होते. चहात साखर घातली का ते मला आठवेना, म्हणून परत घातली. त्याने तो तसाच प्यायला.

यादीत बोरिवलीची बिल्डिंग सगळ्यात महत्त्वाची होती. चार मजले, सगळ्या खिडक्यांना एकाच घडणीची ग्रिलं, गाळा सुरू केल्यावरचं पहिलं मोठं काम. दुसऱ्या दिवशी सकाळीच टॅक्सीने, आरे कॉलनीतून, गेलो. पोचलो तेव्हा बिल्डिंग उभी होती, पण खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. ग्रिलं गॅस कटरने कापून आवारात रचली होती, एकावर एक, पुरुषभर उंच. भंगारवाल्याचा टेम्पो उलटा लावून तयार.

"कधी काढली?" मी वॉचमनला विचारलं.

"चार दिवस झाले."

मी हिशोब केला आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं. मी कॅमेऱ्याला काचा लावल्या नसत्या तर आम्ही इथे कधीच येऊन गेलो असतो.

तो ढिगाजवळ गेला. पट्टा गळ्यात ताणला, तळहात लेन्सखाली घेतला आणि वाकून एका जोडावर बोट टेकवलं. कट. दुसऱ्या जोडावर. रस्त्यावरून कधीच दिसले नसते असे जोड होते ते, मागच्या बाजूचे. वॉचमनला म्हणाला, ते एक जरा उलटं करा. वॉचमनने केलं.

"ह्यो बघ," तो मला म्हणाला, "ह्यो जोड खराब. माझाच आहे. घाईत मारलेला."

"त्याचा कशाला काढतोस मग?"

"माझा आहे म्हणून."

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मग खाली उतरून आला. "ताई, किती वेळ? मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

ढीग मोठा होता. पंचवीस मिनिटांनी टेम्पोवाला परत आला तेव्हा मी त्याला पुन्हा दहाच सांगितली.