वारलू हवालदाराच्या तीन फिती

वारलू भोयर हवालदार कोणालाच नावाने हाक मारत नसत. चंद्रपूरच्या पोलीस मुख्यालयात शेकडो माणसं होती, आणि त्यांच्या तोंडी ती सगळी ‘ए शिपाई’, ‘ओ नाईक’ नाहीतर ‘जी साहेब’ अशी तीनच प्रकारची होती. मी तिथे शिंपी म्हणून रोजंदारीवर लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला किट स्टोअरच्या दारात अडवलं. पोलिसांचे कपडे, पट्टे, बूट त्या स्टोअरमध्ये असत आणि माझी मशीन तिथल्या खिडकीशी मांडलेली होती.

“तू कोण?”

“शिंपी. रामटेके.”

“थो धंदा झाला. हुद्दा सांग.”

स्वयंपाकी, न्हावी, धोबी, शिंपी या सगळ्यांना पोलीस खात्यात ‘फॉलोअर’ म्हणतात, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. मी तसं सांगितलं.

“मंग तुयाखाली कोण?”

“कोणी नाही.”

“आहे ना. मशीन आहे. साहेबानं तुले शिव्या देल्ल्या का तू मशीनले देत जा. पोटात ठेवू नोको, पोट खराब होते.”

हे ते हसून बोलले नाहीत. ते हसतच नसत.

नवे भरती झालेले शिपाई नागपूरच्या ट्रेनिंगला जाण्याआधी दोन-तीन महिने आमच्याकडे कवायत शिकायचे, आणि कवायत शिकवायचे भोयर हवालदार. पहाटे मैदानावर पहिला धडा हुद्द्यांचा. शिपाई, नाईक, हवालदार, सहायक फौजदार, फौजदार, निरीक्षक, असं एका दमात म्हणत जिल्ह्याच्या अधीक्षकांवरून थेट मुंबईच्या सर्वांत मोठ्या साहेबांपर्यंत चढायचं. मध्येच दम लागला की पुन्हा शिपायापासून. ते सांगायचे, “ज्याच्या दंडावर फीत आहे थो काम करते. ज्याच्या खांद्यावर तारा आहे थो काम सांगते. अन् ज्याच्या खांद्यावर लय काही आहे, थो फक्त इचारते, झालं का?” मला शिंपी म्हणून आणखी एक गोष्ट कळली होती. फिती कापडाच्या, त्या शिवाव्या लागतात, म्हणून माझ्याकडे येतात. तारे पितळेचे, ते टोचतात. एकाही साहेबाचा तारा कधी माझ्या हाताखालून गेला नाही.

मैदानाच्या कडेच्या झाडांनाही त्यांनी हुद्दे दिले होते. चिंच फौजदार, मोठा कडुनिंब निरीक्षक. ज्याचा सलाम चुकला त्याने कडुनिंबाला शंभर सलाम ठोकायचे, आणि मोजायला खाली दुसरा चुकलेला. शर्टाचं बटण तुटलेलं सापडलं की ते बटण दिवसभर तोंडात धरून कवायत करायची. संध्याकाळी पोरं ओलं बटण घेऊन माझ्याकडे येत आणि मी ते धुऊन शिवून देत असे. मला तेव्हा याची मजा वाटायची. पोलीस लाइनीत सगळ्यांनाच वाटायची, ज्यांच्या तोंडात बटण नसे त्यांना तर फारच.

माणूस नुसताच दगड होता असंही नाही. आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातून चैतू मडावी नावाचा तरुण भरती झाला. त्याच्या गावातला तो पहिला सरकारी नोकर. मराठी जेमतेम, आणि जन्मभर अनवाणी चालल्याने पंजे असे रुंद की स्टोअरमधला एकही बूट नीट चढेना. चार दिवस तो त्यातलाच एक जोड कसाबसा कोंबून रक्ताळलेल्या पायांनी कवायत करत होता आणि हवालदार त्याच्या सात पिढ्या उद्धरत होते. पाचव्या दिवशी त्यांनी खात्याच्या चांभारापुढे बसून चैतूसाठी रुंद बूट करून घेतले. बूट फेकत म्हणाले, “घे. अस्वलाचं माप आहे.” चैतूने ते छातीशी धरले. पुढे त्याची कवायत त्या तुकडीत सगळ्यांत सरस झाली, कारण हवालदार जे सांगत ते तो शब्दाला शब्द करी. आपल्या डोक्याने त्यात काही मिसळत नसे.

हवालदारांनी त्या पोरांना गणवेशाबद्दल एक गोष्ट पक्की शिकवली होती. “सलाम कपड्याले असते, माणसाले नाई. कपडा नसंन तं थो कोणीबी असो, संतऱ्यानं थांबवाचं, नाव इचाराचं, मंगच सोडाचं.”

मे महिना होता. चैतू गेटवर संतरी म्हणून पहाऱ्याला होता. मुख्यालयाचे प्रमुख, म्हणजे राखीव निरीक्षक, ज्यांना आम्ही आरआय साहेब म्हणत असू, सुट्टीच्या दिवशी पायजमा-बनियनवर मेहुण्याला मुख्यालय दाखवायला आले. चैतूने बंदूक आडवी धरली आणि विचारलं, “नाव सांगा.” साहेब म्हणाले, मला ओळखत नाहीस? चैतू म्हणाला, “कपडा नाई.” मेहुणा खो-खो हसला. त्या हसण्याने सगळं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साहेबांच्या आतल्या खोलीत होतो. त्यांची पँट कमरेत सैल करायची होती आणि ती लगेच हवी होती, म्हणून मी जमिनीवर बसून हाताने टाके घालत होतो. साहेब कमरेला टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसले होते. त्यांनी हवालदारांना बोलावलं आणि चैतूला पिठ्ठू लावायला सांगितलं. पिठ्ठू म्हणजे पाठीवर विटा भरलेलं ओझं बांधून मैदानाला चकरा मारायच्या.

“किती चकरा, साहेब?”

“पडेपर्यंत.”

हवालदारांनी खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाले, “साहेब, ऊन लय आहे. सांजच्याले लावतो.”

“आत्ता. मी खिडकीतून बघतोय.”

त्यांच्यासमोर टॉवेलातला माणूस बसला होता. कपडा माझ्या मांडीवर होता. सलाम कशाला असतो हे साऱ्या जिल्ह्याला शिकवणाऱ्या माणसाने त्या टॉवेलाला सलाम ठोकला आणि “जी साहेब” म्हणून तो बाहेर गेला.

चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पँट देऊन मी स्टोअरच्या खिडकीशी येऊन बसलो. चैतू पळत होता. हवालदार मैदानाच्या मधोमध उभे होते, सावली सोडून, टोपी नीट घालून. चैतू चकरा मोठ्याने मोजत होता आणि त्याला मराठी आकडे दहाच्या वर येत नसल्याने दहा झाले की पुन्हा एकपासून आपल्या गोंडीत ‘उंदी, रंड, मूंद’ करत होता. तिसऱ्यांदा उंदी म्हटल्यावर त्याचा आवाज बंद झाला. हवालदारांनी साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला नाही. ते ओरडले, “चाल शिपाई!” आणि तो आणखी दीड चक्कर चालला. मग पडला, ते तोंडावरच.

ओझं सोडायला हवालदारच पहिले धावले. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी दातांनी तोडली. सरकारी दवाखान्यात नेलं, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी उजाडताना चैतू गेला. कागदावर ‘ऊन लागून मृत्यू’ असं आलं.

चौकशीला बाहेरून एक उपअधीक्षक आले. हवालदारांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते, आणि पेन्शन शेवटच्या हुद्द्यावर ठरते हे लाइनीतल्या पोरालाही ठाऊक होतं. आदेश कोणी दिला, या एकाच प्रश्नावर त्यांच्या हवालदारकीच्या तीन फिती टांगलेल्या होत्या. आदेश दिला तेव्हा खोलीत आम्ही तिघेच होतो. त्यांपैकी साहेब कशाला बोलतील. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं, टेबलावरचा एक कागद बोटाने पुढे सरकवला आणि म्हणाले, “तुला कायम करण्याचा प्रस्ताव आहे. या आठवड्यात पाठवावा म्हणतो.” एवढंच. धमकी नाही, दटावणी नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

उपअधीक्षकांनी मला विचारलं, “आदेश कोणी दिला, ऐकलंत?” मी म्हणालो, “मी स्टोअरमध्ये मशीनवर होतो. मशीनचा आवाज असतो, साहेब.” त्यांनी लिहून घेतलं. माझी सही घेतली. सही बरी आली.

हवालदारांनी आपल्या जबाबात सांगितलं, “मीच पळवला. मले कोणी सांगतलं नाई.” त्यांना हवालदारावरून शिपाई करण्यात आलं.

फिती उतरवायची परेड झाली. सगळे रांगेत, समोर आरआय साहेब, पूर्ण गणवेशात. हुकूम वाचून झाल्यावर कात्रीसकट मला पुढे बोलावलं. त्या फिती मीच शिवल्या होत्या, त्यांच्याच सांगण्यावरून दुहेरी दोऱ्याने. आता त्या निघता निघेनात. कात्री दोऱ्यात अडकत होती आणि रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. हवालदार समोर बघत, ओठ न हलवता म्हणाले, “सावकाश काप. कपडा फाडू नोको, सरकारी आहे.” मी दोन्ही दंडांच्या फिती काढल्या. उन्हाने आणि धुण्याने शर्ट फिका पडला होता, पण फितींच्या खालचं कापड नव्यासारखं गडद राहिलं होतं. फिती गेल्या आणि त्यांचा आकार दंडावर तसाच दिसत राहिला. मी नवा शर्ट द्यावा असं स्टोअरच्या कारकुनाला सुचवलं. तो म्हणाला, मुदत पुढच्या वर्षी. म्हणजे हवालदार काय होते आणि आता काय आहेत, हे समोरून येणाऱ्या प्रत्येकाने वाचायचं.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरातून तोडून वेगळा केला होता, आणि ज्याच्यावर राग असे त्याला तिकडे धाडत. भोयरांना आलापल्लीच्या पुढच्या एका चौकीत टाकलं. चौकीचा प्रमुख एक नाईक होता, त्यांच्याच हाताखाली बटण तोंडात धरून शिकलेला. तो पुढे मला भेटला तेव्हा म्हणाला, “भाऊ, थे रोज सकाळी मले सलाम कराले दारात उभे राहात. मले लाज वाटे. मी बाहीरच निघत नाई, आत बसून राहो. तं थे घंटाभर उभेच. मी निघाल्याबिगर हलत नाई. मले वाटे, सजा कोनाले झाली, थ्याहीले का मले?”

त्यानेच सांगितलं की भोयर एकदा चैतूच्या गावी गेले. नाईक दुभाषा म्हणून सोबत होता. चैतूच्या बापासमोर उभं राहून ते म्हणाले, तुया पोराले मी पळवला, माया हातानं मेला. बापाने एकच विचारलं, “त्याचं काय चुकलं होतं?” भोयर म्हणाले, “काहीच नाई. मी शिकोलं तसंच थ्यानं केलं.” बाप उठून आत गेला आणि परत बाहेर आला नाही. दोघं संध्याकाळपर्यंत अंगणात बसून परतले.

इकडे लाइनीत मी एक गोष्ट सांगत फिरत होतो. भोयर हवालदार म्हणजे शिस्तीचा माणूस, स्वतः बुडाला पण वरच्याचं नाव घेतलं नाही. लोक माना डोलवत. मीही रात्री तेवढ्यावर झोपत असे. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, तिथे माझ्या बोलण्याने काय झालं असतं? मला ही गोष्ट फार आवडत होती.

आठ महिने भरले आणि ते किट जमा करायला मुख्यालयात आले. हिवतापाने अर्धे झाले होते. स्टोअरचा कारकून रजेवर, म्हणून जमा करून पावती द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी पट्टा, टोपी, बूट, दोन शर्ट टेबलावर घडी करून ठेवले. दंडावरचा गडद आकार अजून फिका झाला नव्हता. मला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं.

“हवालदार साहेब, तुम्ही साहेबाचं नाव घेतलं नाही. एवढी निष्ठा आता कोणात राहिली नाही.”

त्यांनी शर्टाची घडी हाताने पुन्हा सारखी केली.

“निष्ठा नाई रे बाबा. लय इच्छा होती नाव घ्याची. पोट्टं मेलं होतं माया हातानं. रातभर ठरवलं का सांगतो. पण निस्तं सांगून कोन मानते? साक्षीदार पाह्यजे. अन् साक्षीदार तू.”

मी पावतीपुस्तक उघडलं.

“तुले पैलेच दिवशी वळखलं होतं म्या,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तू नाई म्हणशीन, हे पक्कं होतं. मंग मी साहेबावर खोटा आळ घेतला म्हणून नोकरीतूनच काढला असता. बायकोले पेन्शनबी नसती भेटली. म्हणून शिपाई झालो.”

मी मान खाली घालून लिहू लागलो. वस्तू लिहिल्या, नग लिहिले. ‘जमा करणार’ च्या पुढे सवयीने ‘हवालदार वारलू भोयर’ लिहिलं आणि पावती फाडून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि परत टेबलावर ठेवली.

“हवालदार खोड. शिपाई लिही,” ते म्हणाले. “एवढं तं खरं लिही.”

मी खोडलं आणि लिहिलं. ते पावती घेऊन गेले. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचा आदेश आला. त्याला जोडलेल्या प्रस्तावावर आरआय साहेबांची सही होती, आणि त्या सहीवर मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली.