नवव्या घरातलं नाव

कापसाच्या बोळ्यानं कीबोर्ड पुसताना एक तंतू बटणांच्या फटीत अडकला आणि मला आर्णीतला मुलींचा फुकट कम्प्युटर क्लास आठवला. कापसाला भाव नव्हता, मजूर परवडत नसे, म्हणून वेचणी लागली की कितीतरी पोरी क्लास सोडत. अशा दोघींची नावं यादीतून काढायचा प्रोग्राम सरांनी मला लिहायला सांगितला. त्यांचे नंबर पाच आणि नऊ. मी आधी पाचवं काढलं, मग नववं, आणि सरांनी शाबासकी देऊन यादी दाराला लावली. ॲरेतून, म्हणजे प्रोग्राममधल्या ओळीनं मांडलेल्या घरांतून, एक नाव निघालं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नवव्या घरात दहावं नाव येऊन बसलं होतं. ते तांड्यावरच्या मुलीचं. ती सकाळी कापूस वेचून, बोंडांनी टोचलेल्या बोटांनी टाइप करायची. ओढणीला अडकलेला कापूस कीबोर्डवर सांडायचा. तिनं यादी दोनदा वाचली. "माह्यं नाव नाही, सर." सर म्हणाले, "खाडे झाले असतीन तुह्ये." "हो, दोन झालते," ती म्हणाली आणि वही छातीशी धरून पायऱ्या उतरली. महिनाभर न आलेल्या नऊ नंबरच्या मुलीचं नाव यादीत तसंच होतं. ते पाहून चूक मला तेव्हाच कळली. मी स्क्रीनकडे बघत बसले. आता मी शिकवते, नावं काढायची तर शेवटून काढत या. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी पुस्तकाचं नाव सांगते.