हरणाऱ्याच्या बाजूनं

सोलापुरातल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्यासमोर पन्नाशीच्या एक बाई आल्या. माढ्याहून सकाळच्या एसटीनं आलेल्या. प्रत्येक चालीआधी त्या पदरानं चष्मा पुसायच्या. मी मोबाइलवर रोज बुद्धिबळाची पन्नास कोडी सोडवायचो आणि हा डाव जिंकलो असतो, तर पहिल्यांदाच बक्षीस मिळणार होतं. कोड्यात देतात तसा मी घोड्याचा बळी दिला. बाईंनी तो घेतलाच नाही, राजा एक घर सरकवला. तासाभरात मी हरलो.

सोंगट्या आवरताना मी म्हणालो, "काकू, कोडी सोडवून काही उपयोग नाही बघा."

"तसं न्हाय. मी बी सोडवती की," त्या म्हणाल्या. "पण जो हरतोय त्याच्या बाजूनं. त्याचं आधी कुटं चुकलं, ते बघती. कोड्यात जिंकायची चाल हाय, हे तुमाला ठाऊक असतंय. डावात कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी पट उलटा फिरवून एकच कोडं घेतलं. त्यात अर्धा तास गेला. हल्ली दिवसाला चारच कोडी होतात. बक्षीस अजून मिळालेलं नाही, पण माझ्याशी खेळणाऱ्यांना आता जेवायला उशीर होतो.